प्राध्यापकाला काढून ज्यू-द्वेष जात नाही

आर्थर बट्झ हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं नसेल. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हा माणूस इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवायचा. 1976 साली त्यानं एक पुस्तक छापलं. हिटलरनं युरोपातल्या ज्यूंचा पद्धतशीर संहार केला ही निव्वळ बनवाबनवी आहे, असा त्याचा दावा. साठ लाख माणसांचं मरण त्यानं खोटं ठरवून टाकलं. विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर स्कोकी नावाचं गाव आहे. छळछावण्यांतून जिवंत सुटलेली कितीतरी माणसं तेव्हा तिथे घर करून राहत होती. त्यांच्या नातेवाइकांचे हातांवर गोंदलेले नंबर रोज बघणारी माणसं. आणि त्यांच्या शेजारच्या विद्यापीठात हे गृहस्थ सर्किट शिकवत होते.

विद्यापीठानं त्याला काढलं नाही. त्याला टेन्यूर होतं, म्हणजे ठोस कारणाशिवाय जाणार नाही अशी कायम नोकरी. आणि हे सगळं तो वर्गात शिकवत नव्हता. अध्यक्षांनी त्याच्या मतांची जाहीर निर्भर्त्सना केली, त्याची मतं विद्यापीठाची नाहीत हे सांगितलं, आणि तो दशकानुदशकं शिकवत राहिला.

आता दुसरा माणूस. स्टीव्हन सलायटा, इंग्रजीचा पॅलेस्टिनी वंशाचा अभ्यासक. इलिनॉय राज्यातल्याच सरकारी विद्यापीठानं त्याला टेन्यूरसह नोकरी देऊ केली. त्यानं जुनी नोकरी सोडली. 2014 च्या उन्हाळ्यात गाझात युद्ध पेटलं, त्यानं ट्विटरवर इस्रायलविरुद्ध जहाल ट्विट्स केले. काही तर खरोखर ओंगळ होते. देणगीदारांचे ईमेल सुरू झाले. रुजू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना विद्यापीठानं ऑफर मागे घेतली. सप्टेंबरमध्ये विश्वस्त मंडळानं 8 विरुद्ध 1 मतांनी त्यावर शिक्का मारला. पुढच्या वर्षी विद्यापीठानं खटला मिटवायला वकिलांच्या फीसह 8 लाख 75 हजार डॉलर मोजले. पैसे मिळाले, पण अमेरिकेतल्या विद्यापीठांचं दार बंद झालं ते झालंच. काही वर्षांनी हा माणूस वॉशिंग्टनजवळ शाळेची बस चालवत होता.

एकाच राज्यातल्या या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवल्या. साठ लाख खून नाकारणारा राहिला, आणि युद्धावर चिडून ट्विट करणारा गेला. यावरून तुम्ही दोन निष्कर्ष काढू शकता. एक, बट्झलाही हाकलायला हवं होतं. दोन, सलायटालाही ठेवायला हवं होतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, अर्धवट नाही, पूर्ण. आणि हे ज्यू-द्वेषाला किरकोळ समजून म्हणत नाहीये. तो किरकोळ नाही म्हणूनच म्हणतोय.

आधी द्वेषाचं बोलू

आपल्याकडे या विषयावर दोन तयार गट आहेत. एक गट इस्रायलचा झेंडा डीपीला लावतो. दुसरा टरबुजाचा इमोजी लावतो. पहिल्या गटाला गाझात मेलेली पोरं दिसत नाहीत. दुसऱ्या गटाला 7 ऑक्टोबर 2023 ला मारलेली सुमारे 1200 माणसं दिसत नाहीत. हा लेख दोन्ही गटांना आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दुसऱ्या गटातले माझे मित्र म्हणतात, "अरे, ज्यू-द्वेष वगैरे काही नसतं, टीका दाबायची ती ट्रिक आहे." हे खोटं आहे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला बसलेल्या 11 जणांना एका गोऱ्या वंशवाद्यानं गोळ्या घातल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं ऑनलाइन लिहिलं की ज्यू मुलं जेवायला जमतात त्या हॉलवर मी गोळीबार करीन. त्याला 21 महिन्यांची शिक्षा झाली, आणि व्हायलाच हवी होती. ही ट्रिक नाही.

प्राध्यापकही यात मागे नाहीत. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या एका सहायक प्राध्यापिकेच्या फेसबुक पोस्ट 2016 मध्ये बाहेर आल्या. पॅरिसच्या शार्ली एब्दोवरच्या हल्ल्यामागे मोसाद, आयसिसमागे मोसाद, जगाच्या बँकांमागे रॉथशिल्ड. ही इस्रायलवरची टीका नव्हे. मध्ययुगात विहिरीत विष ज्यूंनीच टाकलं म्हणायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती. "झायनिस्ट" हा शब्द लावला म्हणून माल बदलत नाही. एका राज्याच्या बॉम्बबद्दल बोलणं वेगळं. पडद्यामागे बसून जग चालवणाऱ्या एका जमातीबद्दल बोलणं वेगळं. हा फरक कळायला पीएचडी लागत नाही.

आणि आपणही फार सोवळे नाही. हिटलरचं आत्मचरित्र आपल्या स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर, स्वयंसुधारणेच्या पुस्तकांशेजारी राजरोस विकलं जातं. "देशाला असाच एक माणूस पाहिजे होता" हे वाक्य लग्नाच्या पंगतीत चारचौघांत बोललं जातं आणि कुणाचा घास अडकत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांना ज्यू-द्वेष कसा कळत नाही यावर आपण फार लांब चेहरा करायला नको.

नियम लिहिणाऱ्याचं म्हणणं

माझं काम कोड लिहिणं. त्यातला बराचसा भाग म्हणजे नियम लिहिणं: असं असेल तर तसं करा. या कामात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. नियम कशासाठी लिहिला होता आणि तो कुठे वापरला जातोय, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या की सिस्टिम माणसांना चावायला लागते. समजा, संशयास्पद व्यवहार मोजायला एक नियम लिहिला. हेतू एवढाच, की महिन्याच्या शेवटी आकडा कळावा. उद्या कुणी तोच नियम उचलून थेट खाती गोठवायला लावला, तर पहिल्याच दिवशी हजार निरपराध लोक बँकेच्या दारात उभे राहतील. मोजणीत दहा टक्के चूक चालते. शिक्षेत दहा टक्के चूक म्हणजे अन्याय.

ज्यू-द्वेषाच्या व्याख्येचं नेमकं हेच झालंय. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडी, म्हणजे आयएचआरए, हिनं मे 2016 मध्ये एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. तिच्यासोबत 11 उदाहरणं आहेत, त्यांतली 7 इस्रायलशी संबंधित. या व्याख्येचा मूळ मसुदा त्याच्या दहाएक वर्षं आधीचा. तो लिहिण्यात प्रमुख हात होता केनेथ स्टर्न या अमेरिकन ज्यू वकिलाचा. हेतू काय? युरोपातल्या देशांनी ज्यूविरोधी घटनांची माहिती गोळा करताना सगळ्यांची पट्टी एकच असावी. मोजणी!

मग 2019 च्या डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला की नागरी हक्क कायद्याखालच्या तक्रारींत अधिकाऱ्यांनी ही व्याख्या विचारात घ्यावी. त्याच्याही आधी, 2017 मध्ये, स्टर्न स्वतः अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगून आले होते की ही व्याख्या कॅम्पसवर बोलणं नियंत्रित करायला वापरू नका. लिहिणाराच ओरडून सांगतोय की माझा कोड या कामासाठी नाही, आणि सगळे तो प्रॉडक्शनवर चढवतायत.

न्यायानं बोलायचं तर त्या व्याख्येतच लिहिलंय की इतर कुठल्याही देशावर करतो तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यू-द्वेष नव्हे. पण पुढच्या उदाहरणांत "इस्रायल राज्याचं अस्तित्व हाच वंशवादी प्रकल्प आहे" असं म्हणणंही येतं, आणि इतर लोकशाही देशांकडून अपेक्षित नाही ते इस्रायलकडून अपेक्षिणं म्हणजे दुहेरी मापदंड, तेही येतं. मापदंड दुहेरी आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात तक्रारीची फाईल तो. त्याला नोकरी टिकवायची असते, त्यामुळे शंका आली की तो दंडच करणार.

आपल्या कोकणातल्या माणसांचं काय करणार?

हे अमूर्त वाटत असेल तर आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. बेने इस्रायल. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले, पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी गावावरून आडनावं लावणारे मराठी ज्यू. शेकडो वर्षं ते इथे राहिले आणि ज्यू म्हणून त्यांना इथे कुणी छळलं नाही. याचा अभिमान आपण भाषणांत मिरवतो, ते ठीकच. पण गोष्ट इथे संपत नाही.

इस्रायल झाल्यावर यातले बरेच तिकडे गेले. तिथे गेल्यावर काहींना कळलं की आपला रंग तिथे आडवा येतोय. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्णभेदाचा आरोप करत तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि काहीजण खरंच परत आले. पुढे 1960 च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठानं फतवा काढला की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची तपासणी करा, ते पुरते ज्यू आहेत की नाही ते बघा. कोकणातून गेलेल्या या माणसांनी 1964 मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन केलं. प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं, आणि धर्मपीठाला नमतं घ्यावं लागलं.

आता विचार करा. एखाद्या अमेरिकन विद्यापीठात उद्या कुणी हा इतिहास शिकवला. हे राज्य आपल्याच सावळ्या नागरिकांशी वंशभेदानं वागलं, असं वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वीस सेकंदांची क्लिप बाहेर सोडली. तक्रार टिकेल की नाही ते सोडा. चौकशी लागेल, ईमेल येतील, सहा महिने जातील. पुढच्या वर्षी तो प्राध्यापक हा धडा गाळेल. मराठी ज्यूंचा इतिहास ज्यूंच्या रक्षणासाठी गाळला जाईल. हसावं की रडावं?

ही भीती मी कल्पनेतून काढलेली नाही. कोलंबिया विद्यापीठानं 2025 च्या जुलैमध्ये ही व्याख्या आपल्या शिस्तीच्या नियमांत घेतली. मारियान हिर्श तिथल्या ज्येष्ठ अभ्यासक. होलोकॉस्टच्या स्मृतींवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, आईवडील त्या संहारातून वाचलेले. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की या नियमाखाली आपण तिथे शिकवू शकू का याचा विचार करावा लागतोय, कारण हाना आरेंटसारखी ज्यू विचारवंत शिकवायलाही जपावं लागेल. इतिहासकार रशीद खालिदी यांनी मध्यपूर्वेच्या इतिहासाचा आपला वर्गच रद्द केला. ज्यू-द्वेषाविरुद्धचा नियम, आणि त्यानं पहिल्यांदा अडवलं कुणाला? होलोकॉस्ट शिकवणाऱ्या बाईंना.

गिरणगावावर लिहिणारी बाई

मॉरा फिंकेलस्टाइन या मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचं 2019 चं पुस्तक आपल्या मुंबईतल्या गिरण्यांवर आहे. संपानंतर गिरण्या संपल्या असं सगळे म्हणत असताना ज्या गिरणीत अजून माणसं कामाला जात होती, त्या कामगारांमध्ये राहून केलेला अभ्यास. पेन्सिल्व्हेनियातल्या म्यूलेनबर्ग कॉलेजात त्या शिकवत होत्या. टेन्यूर होतं. 2024 च्या जानेवारीत त्यांनी एका पॅलेस्टिनी-अमेरिकन कवीची पोस्ट इन्स्टाग्राम स्टोरीवर शेअर केली. झायनिस्टांना घाबरू नका, त्यांना लाज वाटायला लावा, त्यांना आपल्यात जागा देऊ नका, असा तिचा आशय. तक्रारी आधीपासून चालूच होत्या. त्यांना निलंबित केलं आणि काही महिन्यांत काढून टाकलं. गाझाच्या या युद्धावरच्या बोलण्यामुळे टेन्यूर असूनही काढलेल्या त्या पहिल्या प्राध्यापिका, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं.

बाई स्वतः ज्यू आहेत.

ती पोस्ट मला आवडली नाही. "यांना आपल्यात जागा देऊ नका" ही भाषा आपल्या देशात कुणाकुणाबद्दल वापरली जाते ते आपण जाणतो, आणि ती कुणाहीबद्दल वापरली तरी तिला तोच वास येतो. शिवाय त्या कॉलेजात ज्यू विद्यार्थी भरपूर. त्यातल्या एखाद्याला वाटलं असेल की या बाई माझा पेपर कसा तपासतील? हा प्रश्न रास्त आहे. पण रास्त प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. पेपर तपासा ना! मार्कांत भेदभाव झाला का, वर्गात कुणाला एकटं पाडलं का, ऑफिसात भेटायला आलेल्याला हाकललं का, हे तपासता येतं. ते सिद्ध झालं तर काढा, मी टाळ्या वाजवीन. चोवीस तासांनी आपोआप गायब होणाऱ्या स्टोरीवरून माणसाची सगळी कारकीर्द गायब करणं, ही तपासणी नव्हे.

रेघ कुठे ओढायची

"म्हणजे प्राध्यापकानं काहीही करावं का?" असं कुणी विचारेल. नाही. रेघ आहे, आणि ती बरीच स्पष्ट आहे. मत आणि वागणूक यांच्यामधून ती जाते.

उदाहरण देतो. 2018 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं एका विद्यार्थिनीला एलओआर द्यायचं कबूल केलं. मग कळलं की ती तेल अवीवला शिकायला जाणार आहे, तेव्हा त्यानं नकार दिला. कारण काय, तर इस्रायलवरच्या शैक्षणिक बहिष्काराला त्याचा पाठिंबा होता. विद्यापीठानं त्याची पगारवाढ रोखली, रजा रोखली. बरोबर केलं. तुमच्यापैकी ज्यांनी एमएससाठी अर्ज केलेत त्यांना विचारा, एका एलओआरपायी माणूस किती दारं झिजवतो. बहिष्कारावर लेख लिही, भाषण कर, मोर्चा काढ, तो तुझा हक्क. पण विद्यार्थिनीची वाट अडवलीस तर ते मत राहिलं नाही. ते कामात कसूर आहे, आणि त्याची किंमत तिनं मोजायची नाही.

तसंच, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डमधल्या एका व्याख्यात्यावर तक्रार झाली की त्यानं वर्गात ज्यू विद्यार्थ्यांना ओळखून वेगळं काढलं. अशा तक्रारीची दोन्ही बाजू ऐकून कसून चौकशी व्हावी, आणि खरी निघाली तर वर्गाचं दार त्याला बंद व्हावं. कॉर्नेलची धमकी पोलिसांकडे जावी. ओबर्लिनच्या बाईंबद्दल त्यांचे सहकारी विचारू शकतात: पुरावा म्हणजे काय हेच जिला कळत नाही ती विद्यार्थ्यांना युक्तिवाद लिहायला काय शिकवणार? हा प्रश्न विषय जाणणाऱ्यांनी विचारायचा आहे. देणगीदारांनी, खासदारांनी आणि ट्रेंडिंग हॅशटॅगनं नव्हे.

याहून सैल नियम नको, याहून कडकही नको. अमेरिकेचा 1964 चा नागरी हक्क कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंशावरून भेदभाव करू देत नाही. सतत, गंभीर छळानं एखाद्याचं शिक्षणच अशक्य झालं तर तिथे दाद मागता येते. हत्यार आहेच. ते वापरायला कष्ट पडतात, पुरावा लागतो, एवढंच. कष्ट टाळायचे म्हणून शब्दांची शिकार सुरू झाली.

आपल्यावर आल्यावर काय?

तत्त्वाची परीक्षा ते आपल्याला महाग पडतं तेव्हा होते. म्हणून एमी वॅक्स यांचं नाव घेतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापिका. या बाई म्हणाल्या आहेत की अमेरिकेत आशियाई लोक कमी आले तर देशाचं भलं होईल. 2022 मध्ये टीव्हीवर बसून त्यांनी भारतातून आलेल्या उच्चजातीय स्त्रियांची आणि भारताचीही शेलक्या शब्दांत लायकी काढली. काळ्या विद्यार्थ्यांबद्दल तर वर्षानुवर्षं बोलतायत. 2024 मध्ये विद्यापीठानं त्यांना एका वर्षाचं निलंबन, अर्धा पगार आणि मानाचं पद काढून घेणं अशी शिक्षा दिली.

माझे अर्धे वर्गमित्र आज तिकडे आहेत. ही बाई बोलतेय ते त्यांच्याबद्दल. संताप येतो. तरीही, केवळ टीव्हीवरच्या त्या बोलण्यासाठी तिला शिक्षा व्हावी असं मी म्हणणार नाही. काळ्या विद्यार्थ्यांचे मार्क तिनं चव्हाट्यावर मांडले असतील, वर्गात त्यांच्याशी दुजाभाव केला असेल, तर तेवढ्यासाठी जरूर व्हावी. सलायटाला जो नियम, तोच वॅक्सला. जो वॅक्सला तोच बट्झला. आवडत्या माणसालाच लागू होणारं स्वातंत्र्य म्हणजे वशिला.

आणि इथेच विद्यापीठांचं पितळ उघडं पडलं. 5 डिसेंबर 2023 ला हार्वर्ड, पेन्सिल्व्हेनिया आणि एमआयटी या तीन विद्यापीठांच्या अध्यक्षा संसदेच्या समितीपुढे बसल्या. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांत बसतं का, असं विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, ते संदर्भावर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीनं उत्तर चुकीचं नव्हतं. तरी सगळा देश खवळला. पेनच्या अध्यक्षांना चार दिवसांत पद सोडावं लागलं. हार्वर्डच्या अध्यक्षा वाङ्मयचौर्याच्या आरोपांचीही भर पडल्यावर 2 जानेवारीला गेल्या.

लोक का खवळले? कारण "संदर्भ बघू" हा शहाणपणा या विद्यापीठांना फार उशिरा सुचला. कॅम्पसवरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याची क्रमवारी लावणाऱ्या फायर या संस्थेनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 248 संस्थांची यादी काढली होती. त्यात हार्वर्डचा नंबर 248 वा आणि पेनचा 247 वा. दहा वर्षं ज्यांनी प्रत्येक दुखावलेल्या भावनेपुढे मान तुकवली, त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांची वेळ आल्यावर एकदम राज्यघटना उघडली. ज्यू पोरांना वाटलं की नियम सगळ्यांसाठी आहेत, आपण सोडून. त्यांना तसं वाटलं, यात त्यांची काय चूक? यावर उपाय होता तो सगळ्यांना सारखंच स्वातंत्र्य देण्याचा. झालं उलटं. सगळ्यांना सारखीच बंदी.

काठी कुणाच्या हातात आहे

आता ही काठी सरकारच्या हातात आहे. मार्च 2025 मध्ये ट्रम्प सरकारनं ज्यू-द्वेषाचं कारण देऊन कोलंबियाचं 40 कोटी डॉलरचं अनुदान रद्द केलं. जुलैमध्ये कोलंबियानं 22 कोटी 10 लाख डॉलर देऊन तडजोड केली. हार्वर्डचे 220 कोटी डॉलर गोठवले. हार्वर्ड कोर्टात गेलं, आणि सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. त्यातला बराच पैसा वैद्यकीय आणि विज्ञान संशोधनाचा होता. कर्करोगावरची प्रयोगशाळा बंद पाडल्यानं कुठल्या ज्यू विद्यार्थ्याची रात्रीची झोप शांत झाली, हे मला कुणी समजावून सांगावं. बर्कलीनं 2025 मध्ये सुमारे 160 जणांची नावं सरकारला दिली, त्यात जगप्रसिद्ध ज्यू विचारवंत ज्युडिथ बटलर होत्या.

विद्यापीठाकडून सरकारनं नावांची यादी मागणं. ज्यूंचा इतिहास ज्यानं जरा वाचलाय त्याच्या अंगावर इथे काटा यायला हवा. 7 एप्रिल 1933 ला हिटलरच्या सरकारनं सरकारी नोकरांच्या "शुद्धीकरणाचा" कायदा केला आणि ज्यू प्राध्यापक रस्त्यावर आले. एमी नोदर गेल्या, माक्स बोर्न गेले. हेच बोर्न पुढे सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बेंगळुरूत येऊन राहिले होते. गोटिंगेनचं गणित एका कायद्यानं बसलं. अमेरिकेतही 1922 मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांवर कोटा लावायचा घाट घातला होता. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून कम्युनिस्ट म्हणून डझनावारी लोकांना काढलं, त्यातले बरेच ज्यू होते. विद्यापीठातल्या ज्यू-द्वेषाचं मुख्य हत्यार घोषणा कधीच नव्हतं. हकालपट्टी होतं. आज तेच हत्यार धार लावून ज्यूंच्या नावानं चालवलं जातंय, आणि उद्या ते कुणाच्या हातात जाईल याची हमी कोण देणार?

स्कोकीच्या ज्यूंचं दुःख ज्याला सर्वांत जास्त कळत होतं असा एक माणूस होता. आर्ये नायर, जन्म बर्लिनचा, लहानपणी नाझींपासून पळालेला. 1977 मध्ये स्कोकीत मोर्चा काढायचा हट्ट अमेरिकन नाझींनी धरला, तेव्हा त्यांच्या बाजूनं जी नागरी हक्क संघटना कोर्टात लढली तिचा प्रमुख हाच. हजारो सदस्य सोडून गेले. त्याचा हिशोब साधा होता. सरकारला तोंड बंद करायची ताकद दिली की ती सगळ्यांत आधी दुबळ्यांवर वापरली जाते, आणि ज्यू बहुतेक काळ दुबळेच होते.

आता हे आपल्या फोनपर्यंत आलंय. जून 2025 पासून अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला आपली सोशल मीडिया खाती पब्लिक करून ठेवावी लागतात. जॉर्जटाऊनमधले भारतीय संशोधक बदर खान सूरी यांना मार्च 2025 मध्ये रात्री घराबाहेरून उचललं. गुन्ह्याचा एकही आरोप न ठेवता सुमारे दोन महिने डांबून ठेवलं. टफ्ट्समधल्या तुर्की विद्यार्थिनीनं कॉलेजच्या वर्तमानपत्रात सहकाऱ्यांसोबत एक लेख लिहिला होता. तिला भर रस्त्यात पकडलं. हे सगळं ज्यूंच्या सुरक्षेसाठी, असं सांगितलं गेलं. मला पुण्याहून तिकडे निघालेली पोरं माहीत आहेत, जी दहा वर्षांपूर्वीचे लाइक्स शोधून शोधून काढतायत. यातल्या एकाच्याही मनात ज्यूंबद्दल काही वाईट नव्हतं. आता मात्र एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली: "या लोकांबद्दल बोललं की आपलं वाटोळं होतं." नीट ऐका या वाक्याकडे. ज्यू-द्वेषाचं सर्वांत जुनं वाक्य आहे हे. सरकारनं ते स्वतःच्या खर्चानं नव्या पिढीला शिकवलं.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. विद्यार्थ्याला धमकी दिली, अडवलं, मार्क कापले, एलओआर नाकारलं, तर पुरावा घ्या आणि दया न दाखवता कारवाई करा. बोलला असेल, तर तुम्हीही बोला. बट्झला उत्तर द्यायला नॉर्थवेस्टर्ननं स्वतःच्या तोंडानं त्याच्या मतांची निर्भर्त्सना केली, आणि वाचलेल्यांनी स्कोकीत संग्रहालय उभं केलं. 2009 पासून मोठ्या इमारतीत ते उभं आहे आणि शाळेची पोरं बस भरभरून तिथे जातात. बट्झचं पुस्तक कोण वाचतं?

त्याला काढलं असतं तर तो हुतात्मा झाला असता. त्याला राहू दिलं, म्हणून तो फक्त एक चुकीचा माणूस राहिला.